पस्तीस मार्कांचा स्टॉपर

नमस्कार श्रोतेहो. टीव्हीपुढे फुटबॉलची गेम घेऊन बसणारा एखादा भाचा-पुतण्या तुमच्याही घरी असेलच. त्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूला मार्क असतात, जास्तीत जास्त 99. वेग, शूटिंग, पासिंग, ड्रिब्लिंग, बचाव, ताकद. पोरं आधी वेग बघतात.

आता एक नाव ऐका, पाओलो माल्दिनी. इटलीचा बचावपटू. जानेवारी 1985 मध्ये, सोळाव्या वर्षी एसी मिलानकडून उतरला आणि 2009 मध्ये तिथूनच निवृत्त झाला. सामने 902. पुन्हा सांगतो, एकाच क्लबसाठी 902! आपल्याकडे आयपीएलच्या प्रत्येक लिलावात जर्सी बदलते, पोरांनी पोस्टर तरी कोणाचं लावायचं? असो.

मला सांगायचंय ते भुसावळचं. हा किस्सा मी सुरू केला की घरचे उठून जातात, तुम्ही बसा. रेल्वेच्या शेडमधले एक फिटर काका, शेडच्या टीमचे कायमचे स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध उभे राहणारे बचावपटू. टपरीवर पोरांनी वहीत सगळ्यांना गेमसारखे मार्क दिले. काकांचा वेग 35. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून वही वाचली आणि विचारलं, "पास व्हायला पस्तीसच लागतात ना, भो?"

रविवारी वेग नव्वदवाला पोरगा त्यांच्यासमोर आला. उजवीकडून सुटला, बॉलवर काका. डावीकडून सुटला, तिथेही काका. ते पळत नव्हतेच हो! पास देणाऱ्याच्या कमरेकडे बघायचे आणि तो वळायच्या आत दोन पावलं सरकायचे. नाहीतर "लाइन!" ओरडून सगळ्यांना पुढे काढायचे, की नव्वदवाला बचावाच्या रांगेमागे एकटा सापडून ऑफसाइड. हाफटाइमला तो धापा टाकत म्हणतो, "काका, माझ्या आधी कसे पोचता?" काका म्हणाले, "तुझ्यानंतर निघालो तर पोचेन का?"

संध्याकाळी भरीत पार्टी. भरीत काड्यांवर भाजलेलं, बडगीत ठेचलेलं. गॅसवरच्याला मी भरीत म्हणतच नाही. तिथे पोरांनी काकांचे बचावाचे मार्क वाढवले. वेग मात्र काकांनी वाढवू दिला नाही. "पास आहे मी," म्हणाले.

फुटबॉल मॅनेजर नावाच्या गेममध्ये निष्ठेलाही मार्क असतात, 20 पैकी. पण ते लपवलेले, खेळणाऱ्याला दिसत नाहीत. वेग दिसतो, निष्ठा दिसत नाही. तशी मैदानातही कुठे दिसते? 24 मे 2009 ला माल्दिनी घरच्या मैदानावर शेवटचा खेळला, तेव्हा मिलानच्याच काही कट्टर पाठीराख्यांनी त्याची हुर्यो उडवली. 902 सामने खेळलेल्या माणसाची!

क्लबने मात्र त्याची 3 नंबरची जर्सी बंद केली, घातलीच तर त्याच्या पोरांनी घालायची. धाकटा डॅनिएल 2020 मध्ये मिलानकडून उतरलाही, पण तो निघाला पुढे खेळणारा. त्याने वेगळाच नंबर घेतला. नमस्कार.