रुंद बेस आणि एका साउंडवाल्याची बाजू

(ठाण्यात घंटाळी परिसरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आठ वाजता हा हॉल भजनी मंडळाला द्यायचा आहे. त्यांच्याकडे टाळ आहेत, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. पत्रिकेत विषय छापलाय ‘सिंथ बेस रुंद कसा करावा’, म्हणजे सिंथेसायझरवरचा खालचा, जाड आवाज डावी-उजवीकडे पसरलेला कसा वाटावा. सांगतो. पण आधी मला एका साउंडवाल्याची बाजू मांडायची आहे, कारण त्या दिवशी ती कोणीच घेतली नाही.

घोडबंदर रोडवरचं लग्न. माझा भाचा घरी लॅपटॉपवर ट्रॅक करतो, नवरा-नवरीच्या एन्ट्रीचं संगीत त्याचंच. बेस असा की हेडफोन लावला तर तो डोक्याच्या बाहेरून येतोय असं वाटावं. हॉलमध्ये ट्रॅक सुरू झाला. क्लॅप आला, लीड आली, आणि बेसच्या जागी काहीच नाही. नवऱ्याचे मामा तडक मिक्सरपाशी. “बेस कुठाय? पैसे बेसचे दिलेत!” साउंडवाल्याने फेडर चढवला, लो पिळून पाहिला, मग शांतपणे म्हणाला, “काका, गाण्यातच नाहीये.” मामांना ते पटलं नाही, भाच्याला तो अपमान वाटला, आणि जेवणं होईपर्यंत सगळ्या वऱ्हाडाने त्या माणसाला नावं ठेवली.

गाण्यात बेस होता. पण रुंदी वाढवणाऱ्या प्लगिनने, म्हणजे लॅपटॉपवरच्या जोड-सॉफ्टवेअरने, डावीकडे जे होतं त्याचं उलटं उजवीकडे ठेवलं होतं. साउंडवाल्याने डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकत्र करून सगळ्या स्पीकरना तेच पाठवलं, म्हणजे मोनो केलं. अधिक आणि उणे, बेरीज शून्य. मोनो का केलं म्हणाल, तर निम्मे पाहुणे डाव्या स्पीकरखाली आणि उरलेले पाणीपुरीच्या काउंटरवर. स्टिरिओच्या बरोबर मधोमध एकटे भटजी होते, आणि त्यांना बेस नको होता.

इथं किती जण आपला ट्रॅक मोनोत ऐकतात? हात वर करा. दोन. त्यातल्या एकाचा एक इअरफोन हरवलेला असणार.

आता मुद्दा. गोखले रोडच्या आसपास राहणाऱ्यांना हे दर गणपतीत कळतं. मिरवणूक दोन गल्ल्या लांब असते तेव्हा ढोलाची धडधड येते, पण कुठून ते सांगता येत नाही. ताशा कडकडला की बोट दाखवता येतं. 50 हर्ट्झची लहर जवळपास सात मीटर लांब, आणि आपल्या दोन कानांत अंतर वीतभर. दोन्ही कानांना दाब जवळजवळ सारखाच पोचतो, मग मेंदूने दिशा ठरवायची कशावरून? हेडफोनवर फरक जाणवतो, कारण तिथं प्रत्येक कानाला वेगळं पाजलेलं असतं. म्हणून माझा हेका असा: तळ मधोमध ठेवा, रुंदी हवी ती वर घ्या.

हा हेका माझ्या आधीचा आहे. स्टिरिओची एलपी 1958 च्या सुमारास बाजारात आली. तिच्या खाचेत दोन्ही बाजूंचा सारखा आवाज सुईला आडवं हलवतो आणि फरक वर-खाली. खालच्या सुरांत मोठा फरक ठेवलात तर सुई उडते. तबकडी कापणारे म्हणूनच बेस मध्यावर आणायचे. आणि 1970 चा मिनीमूग सिंथेसायझर घ्या. ज्या जाड बेससाठी लोक अजून जीव टाकतात, तो एका मोनो आउटपुटमधून यायचा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, भरभर.

दोन थर करा. खालचा साइन किंवा ट्रँगल (साध्या, गुळगुळीत लहरी), एकच आवाज, युनिझन (एका सुराला अनेक आवाज) बंद, प्रत्येक सुराला फेज (लहर जिथून सुरू होते ती जागा) शून्यापासून, साधारण 120 हर्ट्झच्या वरचं कापून. वरचा थर सॉ वेव्हचा (करवतीच्या दात्यांसारखी लहर), पाच-सात आवाज, थोडे डिट्यून (एकमेकांपासून सुरात किंचित हललेले), डावी-उजवीकडे पसरलेले, 120 च्या खालचं कापून. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) द्यायचं तर रुंदीच्या आधी. त्यातून वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, निघतात, आणि मोबाइलच्या स्पीकरवर मूळ सूर वाजतच नसला तरी कान त्यांच्यावरून तो ओळखतो. मग कोरस, म्हणजे आवाजात त्याचीच किंचित उशिराची, डोलती प्रत मिसळणं. रोलंडच्या 1982 च्या जुनो-60 सिंथेसायझरमध्ये प्रत्येक आवाजाला एकच ऑसिलेटर (लहर तयार करणारा भाग) होता. रुंदी आली ती कोरसमुळे. त्यात डावा आणि उजवा विलंब उलटसुलट डोलतात.

खालच्या थराला का जपायचं? 55 हर्ट्झवर दोन आवाजांत 10 सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक ठेवलात, तर मोनोत बेस दर तीन सेकंदांनी बुडतो. एका बाजूला 5 मिलिसेकंद उशीर दिलात तर मोनोत 100 हर्ट्झ नेमकं गायब, कारण ती त्याची अर्धी फेरी. शेवटी मोनोचं बटण दाबा. कोरिलेशन मीटर (डावं-उजवं किती जुळतं ते दाखवणारा) शून्याच्या खाली मुक्काम ठोकत असेल तर डिट्यून कमी करा.

तुमचा प्रश्न कळला, 120 च का? गाण्यातला सर्वांत खालचा सूर बघा. 41 हर्ट्झचा ई असेल तर दुसरा हार्मोनिक 82, तिसरा 123. पहिले दोन मध्ये, तिसऱ्यापासून पसरवा. सूर वर चढला तर दोन थरांमधला छेदही वर न्या. आले ते, टाळ घेऊन. ही केबल माझी आहे, राहू द्या, मी काढतो.