छारानगरचं नाटक

[दृश्य : संध्याकाळ. वस्तीतला मोकळा चौक. गोल करून उभी असलेली गर्दी, मधे साध्या कपड्यांतली मुलंमुली. पडदा नाही, दिवे नाहीत.]

सायकल नाहीये. तरी तो पेडल मारतोय. मागे ती, एक हात त्याच्या कमरेशी, कॅरिअरवर बसल्यासारखी. चार पावलांवर पानाची टपरी. टपरी म्हणजे हात पुढे करून उभा राहिलेला एक पोरगा. नवरा उतरतो, पान मागतो. पान तोंडात जायच्या आत पाठीवर दंडुका पडतो.

नाटकाचं नाव 'बुधन'. करणारी मंडळी बुधन थिएटरची, अहमदाबादच्या छारानगरची, म्हणजे छारा या विमुक्त जमातीच्या वस्तीतली. यातलं कोणीही बुधनच्या गावचं नाही, त्याच्या जमातीचं नाही, त्याची भाषा बोलणारंही नाही.

बुधन शबर पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्याचा. गाव अकरबाईद, जमात खेडिया शबर. १० फेब्रुवारी १९९८ ला तो बायकोला, श्यामलीला, सायकलवर घेऊन नातेवाइकांकडे निघाला होता. बाराबाजारला पान खायला थांबला आणि पोलिसांनी तिथूनच उचलला. आठवडाभरात, १७ फेब्रुवारीला, तो कोठडीत मेला. पोलिसांचं म्हणणं, स्वतःच्या गमछानं गळफास घेतला.

[दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर रेखाचित्रं. गवताचा पुतळा, ज्वाळा, मातीची झोपडी.]

पुढे गावकऱ्यांनी जे केलं ते ऐकण्यासारखं आहे. प्रेत ताब्यात मिळालं. ते जाळून टाकलं की पुरावा संपला, हे शबरांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी चिता रचली, पण चितेवर ठेवला पुतळा. देह गुपचूप पुरून ठेवला. पोलिसांच्या लेखी अंत्यसंस्कार उरकले होते. नंतर न्यायालयाकडून पुन्हा तपासणीची वेळ आली, तेव्हा तपासायला देह शिल्लक होता. बुधनवरचं पहिलं नाटक असं अकरबाईदमध्येच झालं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. प्रेक्षक पोलीस होते आणि त्यांना ते नाटक आहे हे कळलंच नाही.

खेडिया शबरांची संघटना कोलकात्याच्या उच्च न्यायालयात गेली. तिच्या पाठीशी बंगाली लेखिका महाश्वेतादेवी होत्या. जुलै १९९८ मध्ये न्यायमूर्ती रुमा पाल यांनी निकाल दिला. तपास सीबीआयकडे सोपवला, श्यामलीला भरपाई द्यायला सांगितली. कोठडीत मेलेल्या भटक्या-विमुक्त माणसाच्या बाजूनं असा निकाल लागणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

आता हा निकाल गुजरातेत कसा पोचला? त्या वर्षी मार्चमध्ये महाश्वेतादेवी बडोद्याला व्याख्यानासाठी आल्या होत्या. तिथे गणेश देवी होते. देवी मूळचे आपल्या भोरचे. बडोद्याच्या विद्यापीठातली इंग्रजीची प्राध्यापकी सोडून आदिवासींच्या भाषा नि जगण्याच्या कामात उतरलेले. तिसरे लक्ष्मण गायकवाड, 'उचल्या'चे लेखक. या तिघांनी मिळून विमुक्त आणि भटक्यांच्या हक्कांसाठी एक मंच उभा केला. त्याच्या पत्रिकेचं नावच 'बुधन' ठेवलं. बुधन शबरच्या खटल्याचा निकाल तिच्यात छापून आला.

[दृश्य : लहानशी खोली. भिंतीला लागून पुस्तकांच्या मांडण्या. जमिनीवर बसून वाचणारी मुलं.]

त्याच सुमारास महाश्वेतादेवी आणि देवी छारानगरला आले. तुम्हाला काय हवंय, असं पोरांना विचारलं. नोकऱ्या, पाणी, रस्ता असं काहीतरी मागतील अशी अपेक्षा असावी. पोरांनी मागितलं ग्रंथालय. ते सुरू झालं. मग नाटक करा, अशी सूचना निघाली. नाटकाचं वेड वस्तीत आधीपासून होतंच, थोरल्या मुलांनी पूर्वी नाटकं केलेली होती. या वेळी संहिता मात्र वेगळी होती. हातात होता न्यायालयाचा निकाल. त्यातल्या तारखा, साक्षी, शवविच्छेदन यांच्यातून पोरांनी प्रसंग काढले. ३१ ऑगस्ट १९९८ ला छारानगरात 'बुधन'चा पहिला प्रयोग झाला आणि मंडळींनी आपल्या गटालाही तेच नाव घेतलं.

तारीख उगाच निवडलेली नव्हती.

[दृश्य : जुन्या नकाशावर सरकत जाणारा कॅमेरा. मग काटेरी तारेचं कुंपण, जवळून.]

१८७१ साली इंग्रजांनी एक कायदा केला. काही जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. मूल अजून रांगतंय, पण कायद्याच्या लेखी ते उद्याचा चोर. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ नंतर सगळीकडे लावता येऊ लागला. मोठ्यांना हजेरी, गाव सोडायचं तर परवाना, आणि पुष्कळांच्या नशिबी तारेच्या आतली 'सेटलमेंट'. सोलापूरकरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. छारांनाही असंच अहमदाबादच्या बाजूला आणून कोंडलं होतं. देश स्वतंत्र झाला, तरी या लोकांच्या मानेवरचा कायदा निघायला आणखी पाच वर्षं गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. म्हणून हा विमुक्त दिन. गुन्हेगार जमातींचा शिक्का सरकारी कागदावरून उतरला, पण सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे राज्याराज्यांत आलेच आणि ठाण्याच्या वहीत जुनीच नावं राहिली.

छारानगरातली आडनावं ऐकली की मराठी माणसाचे कान टवकारतात. इंद्रेकर, गागडेकर, बजरंगे. हीच जमात आपल्याकडे कंजारभाट म्हणून ओळखली जाते. घरात बोलतात ती भांतू. बाहेर गुजराती, हिंदी.

[दृश्य : तालीम. दोन मुलं दंडुका फिरवण्याची हालचाल पुन्हा पुन्हा करतायत. एकदा हळू, मग वेगात.]

दक्षिण बजरंगे हे बुधन थिएटरचं सर्वांत परिचित नाव. लेखक, दिग्दर्शक, पुढे चित्रपटही केले. नाटक शिकायला ते इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातही जाऊन आले. अभिनय आमच्या रक्तातच आहे, असं ते बोलताना सांगतात, आणि त्याचं कारणही हसत हसत देतात : चोरी करायची तर आधी सोंग वठवता आलं पाहिजे. ज्या गोष्टीसाठी जग नावं ठेवतं, तीच हे लोक कौशल्य म्हणून पुढे करतात.

'बुधन'मध्ये बघण्यासारखी भूमिका बुधनची नाही, पोलिसांची आहे. बुधन सोसतो. सोसणं दाखवायला कसब लागतंच, पण प्रेक्षकाची दया लगेच मिळते. पोलीस मात्र ही पोरं आतून ओळखतात. दार कसं वाजवतात, शिवी कुठल्या अक्षरावर चढते, मारता मारता मधेच चहा कसा मागवतात. छापे म्हणजे काय हे वस्तीत लहानपणीच कळतं. त्यामुळे त्यांचा फौजदार सिनेमातल्या खलनायकासारखा डोळे वटारत नाही. तो कंटाळलेला असतो. माणसाला मारणं हे त्याचं दिवसभरातलं एक काम आहे. त्या कंटाळ्यानं बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

नेपथ्य म्हणाल तर माणसंच. तीच भिंत होतात, तीच कोठडीचे गज, तीच न्यायालय. एक जण आत्ता शिपाई असतो, वळला की श्यामलीचा शेजारी. पथनाट्याची ही जुनी रीत, पैसे वाचवणारी. पण इथे तिला वेगळाच अर्थ येतो. आज गज झालेला हात उद्या गजाआड असू शकतो, हे करणाऱ्यालाही माहीत असतं आणि वस्तीतल्या बघणाऱ्यालाही.

[दृश्य : उसाचं शेत, एसटीचा थांबा. बारामतीच्या दिशेचा फलक.]

आता आपल्या दारातली गोष्ट. बुधनच्या मृत्यूला चार महिने होतात न होतात तोच, जून १९९८ मध्ये, बारामतीत पोलीस कोठडीत एक माणूस मेला. पिन्या हरी काळे. पारधी. मजुरी करून पोट भरणारा. बुधन थिएटरनं दुसरं नाटक केलं ते त्याच्यावर. नावात आडपडदा नाही : 'पिन्या हरि काले की मौत'.

वर्तमानपत्रात पारध्याचं नाव येतं ते बहुतेक वेळा दरोड्याच्या बातमीत. पिन्या काळे नायक झाला तो छारानगरच्या चौकात, हिंदीतून. आपल्या पथनाट्यवाल्यांनी, आपल्या समृद्ध वगैरे म्हणवणाऱ्या रंगभूमीनं, हे आधी का केलं नाही, हा प्रश्न मला सोडवत नाही.

विविधतेचा उत्सव म्हटलं की आपल्याला २६ जानेवारीचे चित्ररथ आठवतात. प्रत्येकाचा पोशाख वेगळा, प्रत्येकाचा नाच वेगळा, ज्यानं त्यानं आपलाच फेटा बांधायचा. छारानगरात उलटी रीत आहे. इथला पोरगा शबर होतो, पारधी होतो, ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाचं मरण अंगावर घेतो. गटात सामावून घेणं म्हणजे कोणाला तरी कोपऱ्यात खुर्ची देणं नव्हे. इथे तुझी गोष्ट माझ्या तोंडून आणि माझी तुझ्या तोंडून, असा व्यवहार आहे.

पुढे नाटकं वाढत गेली. घरं पाडण्यावर 'बुलडोझर' आलं, महाश्वेतादेवींच्या कथेवरचं नाटक आलं. फ्रेंच नाटककार झाँ जने यांचं 'बाल्कनी'सुद्धा या मंडळींनी आपल्या पद्धतीनं केलं. जने स्वतः चोरीसाठी तुरुंगात गेलेला. सोयरीक जुळायला वेळ लागला नसेल. मदारी, सापवाले वादी यांच्यासारख्या इतर भटक्यांच्या जगण्याकडेही कॅमेरा नि नाटक घेऊन ते गेले. सापांचे खेळ कायद्यानं बंद झाले, पण साप सोडून करायचं काय हे कायद्यानं सांगितलं नाही. नाटकाला विषय कमी पडण्याची भीती या लोकांना कधी नव्हतीच.

[दृश्य : रिकामा रस्ता, बंद दुकानं. संगीत नाही.]

एवढं सांगून थांबलो तर माहितीपट गोड होईल, पण खोटा होईल. छारानगरपासून नरोडा पाटिया हाकेच्या अंतरावर आहे. २००२ साली तिथे मुसलमानांचं हत्याकांड झालं. २०१२ मध्ये न्यायालयानं ज्यांना शिक्षा सुनावली त्यांत छारा समाजाचेही काही जण होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगार म्हणून हिणवलं, त्यांच्यातल्या काहींना त्या दिवसांत दुसऱ्यांची घरं जाळायला कोणीतरी जवळ केलं होतं. एका बाजूला ग्रंथालय, दुसऱ्या बाजूला हे. दोन्ही एकाच वस्तीत. पीडित समाज आपोआप शहाणा होत नाही. नाटकवाल्यांना प्रेक्षक म्हणून समोर मिळतात तेही हेच शेजारी.

आणि छारानगरातल्या चोरट्या दारूच्या भट्ट्यांचं काय? त्या आहेत. सगळ्या घरांत नाहीत, पण आहेत. आडनाव सांगितलं की नोकरी हातची जाते, मग आईनं भट्टीच्या पैशावर पोराला कायद्याचं शिक्षण द्यायचं, हे इथलं अर्थशास्त्र आहे. या वस्तीत वकील आहेत, पत्रकार आहेत, छायाचित्रकार आहेत. त्यांतले बरेच ग्रंथालयाच्या त्याच खोलीतून गेलेले.

[दृश्य : रात्र. फुटलेल्या काचांच्या गाड्या. मोबाइलवर घेतलेलं, हलणारं चित्रण.]

२६ जुलै २०१८. रात्री पोलिसांचा ताफा छारानगरात शिरला. दारूवरची कारवाई, असं पोलिसांचं म्हणणं. घरांत घुसून मारहाण झाली, गाड्या फोडल्या, असं वस्तीचं म्हणणं. मार खाल्ल्याचं सांगणाऱ्यांत वकील होते, वृत्तपत्र छायाचित्रकार होता. ज्यांनी शिकून सवरून 'सुधारून' दाखवलं, तेही त्या रात्री फक्त छारा होते. देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. 'बुधन' पहिल्यांदा झालं त्याला तेव्हा वीस वर्षं पूर्ण होत होती, आणि संहितेत बदल करण्यासारखं फारसं काही घडलं नव्हतं.

[दृश्य : पुन्हा चौक. मुलं सतरंजी झटकतायत. एकजण भिंतीवर खडूनं तारीख लिहितोय.]

नाटकाचे प्रयोग छारानगरपुरते राहिलेले नाहीत, पण विमुक्त दिन इथला. ३१ ऑगस्टला वस्तीत नाटक असतं. तिकीट नाही, आमंत्रणाची वाट बघायची गरज नाही. त्या दिवशी अहमदाबादेत असाल तर कुबेरनगरला जायला रिक्षा करा. छारानगर म्हटल्यावर रिक्षावाला तुमच्याकडे एकदा नीट बघेल, कशाला जाताय म्हणून विचारेल. नाटक बघायला, असं सांगा. नाहीच म्हणाला, तर दुसरी रिक्षा करा.