पाटी कुठं हाय?

(दृश्य: फिरणारा लेथ. टूलखालून पडणारी काळी भुकटी.)

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. सकाळचे साडेनऊ. लेथवर बिडाचं कास्टिंग चढलंय. लोखंडाचा कीस लांब, वेटोळं घेत सुटतो. बिडाचं तसं नसतं. त्याची भुकटी पडते, काळी आणि बारीक. ती नखात बसते, शर्टाच्या शिवणीत बसते आणि संध्याकाळी माणसासोबत घरी येते.

या लेथवर उभ्या असलेल्या माणसाचं अर्धं आयुष्य याच गल्लीत गेलंय. आज दुपारी त्यांनी दोन तासांची सुट्टी मागितलीये. मुलाला लॅपटॉप घ्यायचाय.

(दृश्य: मोटारीवरची पितळी पाटी, अगदी जवळून.)

जाण्याआधी ही पाटी बघून घ्या. ३ एचपी. २.२ किलोवॅट. १४४० आरपीएम. लेथ जुना झाला, रंग उडाला, पण पाटी जागेवर आहे. मोटार कुणी बनवली हे इथे कुणी आधी विचारत नाही. आधी विचारतात, ताकद किती? ते पाटीवर लिहिलेलं असतं.

(दृश्य: राजारामपुरी. रांगेने लॅपटॉपची दुकानं. काचेआड लाल-निळे दिवे.)

राजारामपुरी. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकलला आहे. कॉलेजच्या ड्रॉइंगसाठी लॅपटॉप लागतोच. पण त्याला गेमिंगचा हवाय, आणि हे त्याने घरी लपवलेलं नाही. मित्रांसोबत व्हॅलोरंट खेळायचंय, जीटीए फाइव्ह खेळायचंय. बजेट पासष्ट हजार. त्यातले अठरा हजार त्याने सुट्टीत मोबाइलच्या दुकानात काम करून जमवलेत.

व्हॅलोरंट हलका गेम आहे. २०२० साली आला तेव्हापासून साध्या मशीनवरही चालावा अशाच बेताने तो बांधलेला आहे. जीटीए फाइव्ह संगणकावर २०१५ साली आला. तोही आज साधारण ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागावर, नीट चालतो. खरा भार टाकतात ते गेल्या तीन-चार वर्षांतले मोठे गेम. एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो. ५१२ जीबीच्या एसएसडीत, म्हणजे लॅपटॉपच्या साठवणीच्या जागेत, विंडोज, कॉलेजची सॉफ्टवेअर आणि असे दोन-तीन गेम बसले, की जागा संपली.

(दृश्य: लॅपटॉपच्या कोपऱ्यातले स्टिकर, एकामागून एक.)

आता हे स्टिकर. इथे आम्ही बराच वेळ थांबलो, कारण गिऱ्हाईक अडकतं ते इथेच.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. यू असेल तर तो बॅटरी वाचवण्यासाठी बनवलेला. एच किंवा एचएस असेल तर जोर लावण्यासाठी. आय फाइव्ह एवढं ऐकून मान डोलावणारी माणसं आम्ही याच काउंटरवर बघितली. शेवटच्या अक्षराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

रायझन या एएमडीच्या प्रोसेसरांच्या २०२३ पासूनच्या सात हजारी नंबरांत तर आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चारपैकी तिसरा आकडा बघायचा. आतली रचना कोणत्या पिढीची, ते तो सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा दोन, म्हणजे झेन-२, बरीच जुनी रचना. ७५३५एचएस मध्ये तीन. ७६४०एचएस मध्ये चार, म्हणजे झेन-४. तिन्ही सातने सुरू होतात, म्हणून दुकानात तिन्ही नवीनच वाटतात.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. आरटीएक्स २०५० आणि आरटीएक्स ३०५०. नावं सख्ख्या भावांसारखी, आणि आतले हिशेब करणारे गाभेही ३०५० च्या चार जीबीवाल्याइतकेच. पण २०५० ची मेमरीकडे जाणारी वाट ६४ बिट रुंद, तर चार जीबीच्या ३०५० ची १२८ बिट. गाडी तेवढीच, रस्ता निम्मा. कार्डावरची मेमरी चार जीबी की सहा, हा आकडाही स्टिकरवर ठळक नसतो. नवे गेम फुल एचडीवर चार जीबी बघता बघता भरून टाकतात, आणि मग ऐन मोक्याला चित्र अडखळतं.

(दृश्य: वडील एक लॅपटॉप उलटा करून बघतायत. दुकानातला पोरगा गोंधळलेला.)

हा क्षण कॅमेऱ्यात आला हे आमचं नशीब. विक्रेता रंग, कीबोर्डचे दिवे, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा स्क्रीन, सगळं सांगून झाला. वडिलांनी लॅपटॉप उचलला, पालथा केला आणि विचारलं,

"पाटी कुठं हाय ह्याची?"

"कसली पाटी, काका?"

"ताकद किती हाय, ते लिवल्याली."

मुलगा ओशाळला. "पप्पा, तसं नसतंय ह्यात."

तसंच असतं. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाला ताकदीचा आकडा असतो आणि तो वॅटमध्ये असतो. आरटीएक्स ३०५० हीच चिप लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॅटवर चालवू शकते आणि ८० वॅटवरही. आरटीएक्स ४०५० आणि ४०६० यांचा पल्ला त्याहून मोठा, ३५ पासून ११५ पर्यंत. नाव एक, स्टिकर एक. पातळ, देखण्या लॅपटॉपला उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून त्यात चिपचा गळा आवळून ठेवतात. जाड लॅपटॉपमध्ये तीच चिप मोकळी धावते.

हा आकडा दुकानातल्या भावाच्या पट्टीवर नसतो. तो तिथे असायला हवा. मोटारीला पाटी लागते, पंपाला लागते, घरातल्या मिक्सरलाही लागते. पासष्ट हजारांच्या वस्तूवर ताकदीचा आकडा शोधायला माणसाने इंटरनेट धुंडाळावं, हे आम्हाला पटत नाही.

(दृश्य: अडॅप्टरच्या पोटावरची बारीक अक्षरं. वडील चष्मा काढून वाचतायत.)

वडिलांना पाटी सापडली. अडॅप्टरवर. पहिल्या, पातळ लॅपटॉपचा आउटपुट २० व्होल्ट, ६ अँपिअर. दुसऱ्या, जाड लॅपटॉपचा २० व्होल्ट, ९ अँपिअर. गुणाकार त्यांनी तोंडीच केला. एकशे वीस वॅट आणि एकशे ऐंशी वॅट.

दोन्ही लॅपटॉपवर स्टिकर आरटीएक्स ३०५० चा. भावात फरक तीन हजारांचा.

अडॅप्टरवरून ग्राफिक्स कार्डाचा नेमका आकडा कळत नाही, कारण त्याच विजेवर प्रोसेसर, स्क्रीन, पंखे सगळेच जगतात. पण ज्या मशीनला एकूण खुराकच कमी, त्यातलं कार्ड फार जोर लावणार नाही, एवढा अंदाज येतो. नेमका आकडा बघायचा तर दुकानातच चार्जर लावायला सांगा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन. तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर अशी ओळ दिसते.

मुलाने ती उघडली. पातळ लॅपटॉपवर ५० वॅट. जाड लॅपटॉपवर ८०.

"बघ," एवढंच वडील म्हणाले.

(दृश्य: दुरुस्तीचं टेबल. दिव्याचा प्रकाश. बारीक स्क्रू चुंबकाच्या ताटलीत.)

दुकानातून बाहेर पडून आम्ही त्या दोघांना एका दुरुस्तीच्या टेबलाशी घेऊन गेलो. शाहूपुरीतली अरुंद जागा. बसायला एकच स्टूल. तिथे त्या दिवशी एक गेमिंग लॅपटॉप उघडायचा होता. तीन वर्षं वापरलेला. तक्रार एकच, गेम लावला की दहा मिनिटांत चित्र अडखळतं.

आधी खालचे स्क्रू. सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून दुरुस्ती करणारे दादा ते लॅपटॉपवरच्या जागेप्रमाणे ताटलीत मांडत जातात. मग प्लास्टिकची पातळ पट्टी फटीत घालून झाकण सोडवायचं. टक, टक, टक. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. त्याआधी आत बोट घालायचं नाही.

(दृश्य: पंखा उचलला जातो. मागे राखाडी थर.)

हे बघा. पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये धुळीचा नमदा झालाय. अख्खा, एका तुकड्यात निघाला. पंखा तीन वर्षं जीव तोडून फिरत होता आणि हवा या नमद्यावर आपटून परत येत होती.

तांब्याच्या या चपट्या नळ्या म्हणजे हीट पाइप. दिसतात भरीव, पण आतून पोकळ असतात. हवा काढून घेऊन आत थोडंसं पाणी भरतात आणि तोंड बंद करतात. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ पंख्याकडच्या टोकाला जाते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत परत येते. दिवसभर हीच खेप. वडील वाकून बघत राहिले. उष्णता कुठून कुठे जाते हे त्यांना कुणी समजावायची गरज पडली नाही.

(दृश्य: चिपवरची वाळलेली पेस्ट पुसली जातेय.)

चिप आणि तांबं यांच्यात पेस्ट असते, दोन्हींमधली बारीक फट भरायला. इथे ती वाळून भेगाळलीये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, आरशासारखी चिप दिसेपर्यंत. मग नवी पेस्ट. तांब्याची पट्टी परत बसवताना स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले दिसतात. त्याच क्रमाने, थोडं थोडं करत आवळायचं. एक कोपरा आधी आवळला तर दाब तिरका बसतो. वडिलांनी हसून मान हलवली. लेथवर काम पकडणाऱ्या चकचे बोल्ट ते रोज असेच आवळतात.

प्रोसेसरची चिप ९५-१०० अंशांपर्यंत तापली की जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करते. गिऱ्हाईक म्हणतं, लॅपटॉप हँग होतोय. पुष्कळदा तो नुसता गुदमरलेला असतो.

म्हणून घेतानाच बघायचं. पंखे दोन आहेत का? गरम हवा बाहेर पडायच्या जाळ्या किती? झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का? उघडल्यावर वॉरंटीचं काय, हे प्रत्येक ब्रँडच्या कार्डावर वेगळं असतं, ते आधी वाचायचं.

(दृश्य: रॅमच्या दोन खाचा. एक भरलेली, एक मोकळी.)

रॅमचंही, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या मेमरीचंही, इथेच दिसलं. आठ जीबीची एकच पट्टी आणि शेजारी मोकळी खाच. गेमिंगसाठी आज सोळा जीबी हवेत, आणि तेही आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा मिळतात. पण खाच असली पाहिजे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, ती वाढत नाही. दुकानात कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्स, मग मेमरी. किती खाचा, त्यातल्या किती भरल्या, समोर येतं.

(दृश्य: पुन्हा राजारामपुरी. संध्याकाळ. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी.)

परत दुकानात. पातळ लॅपटॉपचा स्क्रीन उजळ, रंग भरलेले. जाड लॅपटॉपचा फिकट. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवतो त्याचं माप) असं लिहिलेलं असतं ना, तो हाच. हर्ट्झ भरपूर, रंग उडालेले. या बजेटमध्ये कुठेतरी हात आखडावा लागतोच. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने असा स्क्रीन घेऊ नये. खेळणाऱ्याला आणि ड्रॉइंग करणाऱ्याला चालतो. पुढेमागे बाहेरचा मॉनिटर जोडता येईल. ग्राफिक्स कार्ड मात्र अशा लॅपटॉपमध्ये बोर्डलाच जोडलेलं असतं. घेतलं ते शेवटपर्यंत.

मुलाची नजर दोनदा पातळ लॅपटॉपकडे गेली. कॅमेऱ्यात दिसते.

(दृश्य: पावती. वडिलांचा हात, नखात काळी भुकटी.)

जाड घेतला. रॅमची दुसरी पट्टी पुढच्या महिन्यात, त्या दिवशीचा भाव विचारून.

थोडे पैसे रोख, बाकीचे बारा हप्त्यांत. कार्डावर नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी, असं लिहिलं होतं. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत नाहीतर सुटलेल्या सवलतीत मुरलेलं असतं, आणि हप्ते क्रेडिट कार्डावरचे असतील तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. वडील आता आठवड्यातून तीन दिवस रात्री नऊपर्यंत लेथवर थांबतात.

(दृश्य: घर. पलंगावर लॅपटॉप. आई तो उचलून टेबलावर ठेवते.)

गादीवर लॅपटॉप ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात. दुरुस्तीच्या टेबलावर ऐकलेलं मुलाने घरी सांगितलं होतं. पाळलं आईने.

पहिल्याच रात्री वीज गेली. गेम चालू राहिला, पण जड झाला. बॅटरी एवढा जोर पुरवू शकत नाही, त्यामुळे चार्जर निघाला की कार्डाचे वॅट आपोआप खाली येतात. हे जाड लॅपटॉपलाही चुकत नाही.

(दृश्य: लेथ. बिडाचा छोटा तुकडा चकमध्ये. मग दुसरा.)

चार दिवसांनी आम्ही पुन्हा उद्यमनगरात गेलो. जेवणाच्या सुट्टीत वडील स्वतःचं एक काम करत होते. भंगारातले दोन तुकडे घेऊन त्यांनी ते गोल कातले. दोन्ही एका मापाचे, बोटभर उंच. व्हर्नियर लावून दोनदा तपासले. कडांची धार मोडली. एका बाजूला सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा चिकटवला, ओरखडा पडू नये म्हणून.

(दृश्य: रात्र. टेबल. लॅपटॉपची मागची बाजू उचलून खाली दोन गुटके सरकवले जातात.)

"आता लाव," ते म्हणाले.

मुलाने गेम लावला. वडील खुर्ची ओढून बाजूला बसले. स्क्रीनकडे त्यांनी बघितलं नाही. मागच्या जाळीपाशी तळहात धरून ते बाहेर येणारी हवा बघत होते.