पोटातल्या गाठी किती काढायच्या?

(अमळनेर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाची फाइल समोर आली की मी आधी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातली एक ओळ शोधतो. समजा तिथे लिहिलंय, '28 पैकी 3'. म्हणजे जठरासोबत काढलेल्या 28 लसीकाग्रंथी (लसीका हा अंगातला पातळ द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) तपासल्या आणि तिघींत कॅन्सर सापडला. नातेवाइकांचं लक्ष मात्र मुख्य गाठीवर असतं. "डाक्टरसाहेब, सम्दी गाठ निंघनी ना?" निघाली हो, पण ते निम्मं काम झालं.

आपल्याकडे नाले पांझरेला मिळतात आणि पांझरा तापीला. जठराच्या भिंतीतून निघणारी लसीका तशीच टप्प्याटप्प्याने वाहते: आधी जठराला चिकटलेल्या ग्रंथींत, मग मोठ्या धमन्यांच्या कडेच्या ग्रंथींत, शेवटी महाधमनीभोवती. कॅन्सरच्या पेशीही बहुधा याच वाटेने जातात. जपानी सर्जननी या ग्रंथींना चक्क क्रमांक देऊन ठेवलेत. साधारणपणे, जठराजवळच्या तेवढ्या काढल्या तर डी-1. यकृताकडे आणि प्लीहेकडे (पाणथरीकडे) जाणाऱ्या धमन्यांलगतच्याही काढल्या तर डी-2.

जपानात डी-2 केव्हाच रुळलं होतं. युरोपातले लोक म्हणाले, पुरावा दाखवा. हॉलंडमध्ये 1989 ते 1993 या काळात जणू चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले. त्यातल्या 711 जणांची गाठ पूर्ण काढता आली. ऑपरेशननंतर डी-1 गटात 4 टक्के दगावले, डी-2 गटात 10 टक्के. ब्रिटनमधल्या अभ्यासात हेच आकडे 6.5 आणि 13. पाच वर्षांनी जगण्यात म्हणावा असा फरक नाही. झालं, डी-2 बदनाम!

पण त्या वेळी डी-2 करताना प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूटही बरेचदा काढत. स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून पाचकरस झिरपतो, पोटात पू होतो, आणि तो पेशंट वाचवताना सर्जनची झोप उडते. शिवाय तिथल्या बऱ्याच जणांचा हातच या ऑपरेशनवर बसलेला नव्हता.

हॉलंडच्या रुग्णांचा 15 वर्षांचा हिशेब 2010 साली आला. जठराच्याच कॅन्सरने गेलेले: डी-1 मध्ये 48 टक्के, डी-2 मध्ये 37. एकूण हयात असलेले 21 आणि 29 टक्के. हा दुसरा फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही, आणि डी-2 चे भक्त हे सांगायचं सोयीने विसरतात. तरी माझा कौल डी-2 लाच आहे, प्लीहा आणि स्वादुपिंड जागेवर ठेवून, आणि हात बसलेल्या माणसाकडूनच.

मग आणखी खोल का जाऊ नये? जपान्यांनी तेही करून पाहिलं. 523 रुग्णांपैकी निम्म्यांच्या महाधमनीभोवतीच्या ग्रंथीही काढल्या. 2008 साली निकाल छापला: पाच वर्षांनी नुसत्या डी-2 मध्ये 69.2 टक्के हयात, जास्त काढलेल्यांत 70.3. ऑपरेशन लांबलं, रक्त जास्त गेलं, आयुष्य काही वाढलं नाही.

आता मोजणीचं. काढलेलं जठर ट्रेमध्ये येतं, त्याला पिवळी चरबी लगडलेली असते. ती बोटांनी चाचपत, बारीक कापत ग्रंथी शोधायच्या. कितीतरी जेमतेम 3-4 मिलिमीटरच्या. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं. एक-दोन ग्रंथींत रोग असेल तर एक पायरी, 3 ते 6 मध्ये दुसरी, 7 किंवा जास्त असतील तर तिसरी. म्हणून किमान 16 तरी तपासलेल्या हव्यात. '5 पैकी 0' वाचून पेढे वाटू नका. राहिलेल्या ग्रंथी कुणी पाहिल्याच नाहीत. कधी त्या पोटातच असतात, कधी ट्रेमधल्या चरबीत.

आणि चाकूनेच सगळं होतं असंही नाही. जर्मनीतल्या एका अभ्यासात ऑपरेशनच्या आधी चार आणि नंतर चार वेळा चार औषधांची नवी किमो दिली. 2019 च्या निकालात मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर हयात राहिले तो काळ, जुन्या किमोच्या 35 महिन्यांवरून 50 महिन्यांवर गेलं. तेव्हा मुंबईला पाठवलेला पेशंट "ते लगेच ऑपरेशनच करत नाहीत" म्हणून चिडून पहिल्या गाडीने जळगावला परत आला, तर त्याला दुसऱ्या गाडीने परत पाठवा.