चार मागांचे मालक

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'शहराचा स्वभाव आणि उद्योजकता', पण मी आधी मोराबद्दल बोलणार, सांगून ठेवतो.

सोलापूरची माणसं धाडस करत नाहीत असं म्हणतात, त्यात पुण्याला गेलेली आपलीच पोरं जरा जास्तच म्हणतात. साफ खोटं. मिला बंद पडल्या, हात थांबले का? पूर्व भागातला कामगार चार पैसे साठवतो ते फ्लॅटसाठी नाही, स्वतःचे चार माग टाकायला. सूत उधारीवर, फिटर शेजारच्या गल्लीत, भाव चहाच्या टपरीवर कळतो. मालक व्हायला एवढं सोपं गाव दाखवा मला.

आता मोर. चादरीसाठी मी नवीन मोर काढला होता, पिसारा आडवा पसरलेला. ग्राफ काढणं, जकार्डची कार्डं, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं, पाडून घेणं, यातच महिना गेला. पहिला माल बाजारात गेला आणि पंधरा दिवसात तोच मोर तीन कारखान्यात! एकाला तर घाईत पिसारा जमलाच नाही, तुरा तेवढा राहिला, कोंबडाच झाला, आणि तो कोंबडा माझ्या मोरापेक्षा जास्त खपला. जाब विचारायला गेलो तर त्या कारखान्याचे मालक अण्णा म्हणतात, "काय बे, मोर काय तुझ्या एकट्याचा आहे का?" वर चहा पाजला, जाताना शेंगाचटणी बांधून दिली. आता भांडायचं कसं? हसू नका, तिसऱ्या रांगेत कोण बसलंय मला दिसतंय. हरियाणातले पानिपतवाले आपल्या नावावर चादरी विकतात म्हणून आपण ओरडतो, जीआय घेतला, म्हणजे सोलापुरी चादर या नावाचा कायदेशीर हक्क, पण गल्लीतल्या पानिपतचं काय करायचं?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

इथं काही लपून राहत नाही म्हणून धंदा सुरू करणं स्वस्त पडतं, आणि त्याच कारणानं नवीन काही करणं महाग पडतं, मग सगळे एकच चादर विणतात आणि दहा-वीस रुपयांवरून एकमेकांना पाडतात. वालचंद हिराचंद 1882 ला इथंच जन्मले, पण जहाजं, विमानं, मोटारी सगळं बाहेर जाऊन केलं. उलट प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी 1992 पासून इथंच आहे, कारण कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातला दांडा, शेजारी बघून पंधरा दिवसात काढता येत नाही आणि गिऱ्हाईकही गावाबाहेरचं. चादरीला ते कुलूप नाही. म्हणजे तसं आहे, 2000 चा डिझाइन कायदा, नक्षीची नोंदणी केली की 10 वर्षं हक्क आपला, पुढं अजून 5. किती जणांनी केलीय? हात वर करा. बघा, दोन. मी कोंबड्यानंतर केली.

तर माझी मागणी एवढीच, नोंदणीचे अर्ज आपल्या संघानं भरावेत, फी पण संघानं भरावी, छोट्या मागवाल्याला कागदात अडकवू नका. भागीदारीवर बोलायचं राहिलं, भाऊ-भाऊ वेगळे झाले की माग पण वाटून घेतात ते, पण अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, ते चहाच्या वेळी बोलू.