बोटाला माऊसचं काम

[दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी एक लॅपटॉप आणि एक टॅबलेट.]

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलनं नवा आयपॅड प्रो जाहीर केला आणि त्यात एम-१ चिप घातली. हीच चिप आदल्या नोव्हेंबरात मॅकबुक एअरमध्ये आली होती. म्हणजे लॅपटॉप आणि टॅबलेट, दोघांचा मेंदू एकच. तरी लॅपटॉपवर मॅकओएस आणि टॅबलेटवर आयपॅडओएस. त्या आयपॅडवर आयपॅडसाठीचं ॲप लिहायचं म्हटलं, तर ॲप बनवायचं ॲपलचं स्वतःचं मुख्य साधन, एक्सकोड, त्यावर चालत नाही. एक्सकोडला मॅकच लागतो.

मग लोक विचारू लागले, एवढी ताकद आहे तर पूर्ण डेस्कटॉप का देत नाही? एक उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे: कंपनीला एकाच गिऱ्हाईकाला दोन यंत्रं विकायची असतात. ते खरंही आहे, उगाच साळसूदपणा नको. पण तेवढ्यावर भागत नाही. कारण ज्यांनी टॅबलेटवर अख्खा डेस्कटॉप देऊन पाहिला, त्यांचेही हात पोळले.

[दृश्य: जवळून. विंडोज ८ चा डेस्कटॉप, खिडकीच्या कोपऱ्यातली फुली. तर्जनी तिच्याकडे येते.]

ही फुली बघा. साडेदहा इंची पडदा, विंडोजचा नेहमीचा डेस्कटॉप. फुलीची उंची जेमतेम तीन-चार मिलिमीटर. बोट काचेवर टेकतं तेव्हा त्याचा ठसा याच्या दुपटीहून मोठा. त्यात बोट जवळ गेलं की फुलीच झाकली जाते, म्हणजे ऐन नेम धरायच्या वेळी लक्ष्य दिसत नाही. खिडकी बंद करायला जावं आणि ती लहान व्हावी, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता गंमत अशी की माऊससाठी हीच जागा सगळ्यात सोपी आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलेला नियम आजही संगणकाचे पडदे आखताना वापरतात: एखाद्या लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. खिडकी पूर्ण मोठी केलेली असली की माऊस कोपऱ्याकडे कसाही भिरकावा, बाण पडद्याच्या कडेला अडतो आणि फुलीवरच थांबतो. नेम धरावाच लागत नाही. बोटाला मात्र ती कड अडवत नाही, ते सरळ चौकटीवर जातं. मेनू वरच्या कडेला, टास्कबार खालच्या कडेला, ही सगळी मांडणी कडेला अडणाऱ्या बाणासाठी केलेली आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. माऊसचा बाण एखाद्या चिन्हावर नुसता तरंगू शकतो. तरंगला की नाव दिसतं, पोटमेनू उघडतो, दुवा अधोरेखित होतो. दाबायच्या आधी यंत्राला विचारून घ्यायची ही सोय आहे. बोटाला ती नाही. बोट एक तर काचेवर असतं, नाही तर नसतं. उजवं क्लिक हवं तर बोट दाबून धरा आणि वाट बघा. दिवसातून दोनदा हे चालेल. दोनशेदा करायचं म्हटलं तर माणूस वैतागतो.

[दृश्य: २००२ चा टॅबलेट पीसी, काचेवर पेन फिरतो आहे.]

मायक्रोसॉफ्टला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ७ नोव्हेंबर २००२ रोजी बिल गेट्स यांनी न्यूयॉर्कमध्ये टॅबलेट पीसी बाजारात आणला. आत विंडोज एक्सपीचीच एक आवृत्ती. पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पीसी हाच असेल, असं त्यांनी आदल्या वर्षी कॉमडेक्स प्रदर्शनात सांगितलं होतं. तसं झालं नाही. यंत्रं महाग होती, जड होती. पण त्या टॅबलेटची बाजू घेऊन एक गोष्ट सांगायला हवी. त्यातल्या बहुतेकांना बोट कळतच नव्हतं, खास पेन लागायचं. आणि ते पेन काचेच्या किंचित वर धरलं तरी बाण हलायचा. म्हणजे तरंगण्याची सोय शाबूत, टोक बारीक, हात आडवा येत नाही. डेस्कटॉप टॅबलेटवर आला, पण माऊसचा अवतार सोबत घेऊन आला.

२००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स म्हणाले की यात ओएस टेन चालते, म्हणजे मॅकचीच सिस्टिम. पायापुरतं ते खरं होतं. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्स या मुक्त सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल आहे, तोच जो सर्व्हरमध्ये असतो. तेव्हा डेस्कटॉपची सिस्टिम फोनमध्ये मावेल का, हा प्रश्न तिथंच निकालात निघाला होता. मावते. रोज तुमच्या खिशात असते. ॲपलनं फक्त वरचं सगळं काढून बोटाच्या मापानं नव्यानं बांधलं.

विंडोज ८ नं नेमकी ती हिंमत अर्धवट केली. २६ ऑक्टोबर २०१२ ला ही सिस्टिम आली. पहिल्या पडद्यावर मोठ्ठ्या रंगीत टाइल्स, बोटासाठी. त्यातल्या एका टाइलमागे जुना डेस्कटॉप, माऊससाठी. सेटिंग्जही दोन ठिकाणी: काही नव्या पडद्यात, काही जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये. वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्ट बटण गायब. ऑफिसात माऊस धरून बसलेला माणूस ते शोधत बसला, आणि सोफ्यावर टॅबलेट घेऊन बसलेला त्या तीन मिलिमीटरच्या फुलीशी झटत बसला. ना धड बोटाचं, ना धड माऊसचं. सोबत आलेल्या सरफेस आरटीची तर कमाल होती. डेस्कटॉप दिसायचा, पण प्रोसेसर फोनमध्ये असतो तसला, एआरएमचा असल्यानं त्यावर विंडोजचं एकही जुनं सॉफ्टवेअर टाकता येत नव्हतं. जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं या टॅबलेटपायी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. स्टार्ट बटण त्याच वर्षी परत आलं.

ॲपलचे टिम कुक यांनी २०१२ मध्येच खवचटपणे म्हटलं होतं की टोस्टर आणि फ्रीजही एकत्र करता येतील, पण ते कुणाला आवडेलच असं नाही. गेल्या काही वर्षांत आयपॅडमध्ये काय काय आलं ते पाहिलं की हे वाक्य आठवून हसू येतं. २०२० मध्ये माऊसचा बाण आला, तोही टोकदार नव्हे, गोल ठिपका, बटणाजवळ गेला की बटणाचाच आकार घेणारा. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये मॅकसारख्या हलत्या-डुलत्या खिडक्या आणि मेनूबारही आला. तो गोल ठिपकाही तेव्हाच टोकदार बाण झाला. मात्र खिडकीची लाल-पिवळी-हिरवी टिंबं एरवी लहान असतात, बोट लागलं की मोठी होतात. नक्कल केली, पण बोटाचं माप घेऊन.

[दृश्य: पवई. आयआयटी मुंबईचं आवार.]

आता आपल्याकडची एक गोष्ट. सरकारचा स्वस्त ‘आकाश’ टॅबलेट आठवतो? त्याची थट्टा भरपूर झाली. त्यावर पवईत झालेल्या कामाची मात्र कुणी फारशी दखल घेतली नाही. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ चं उद्घाटन झालं. सात इंची पडदा, ८०० बाय ४८० ठिपके, ५१२ एमबी मेमरी, वर अँड्रॉइड. तो पोचणार होता इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडे, आणि त्यांना सी, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा आणि गणितं सोडवणारं सायलॅब लागतं. आयआयटी मुंबईच्या चमूनं दोन्ही वाटा चालून पाहिल्या. एकीकडे मायक्रो एसडी कार्डावरून चालणारं पूर्ण लिनक्स याच टॅबलेटवर बसवलं. दुसरीकडे अँड्रॉइड तसाच ठेवून त्याच्या पोटात लिनक्सची साधनं दडवली आणि वर बोटानं चालेल असं साधं ॲप दिलं. प्रोग्राम लिहा, चालवा, उत्तर बघा.

पहिली वाट ऐकायला भारी वाटते. पण ४८० ठिपक्यांच्या उंचीवर डेस्कटॉपची एखादी सेटिंगची चौकट उघडा. ओके बटण पडद्याच्या खाली जातं. दिसतच नाही. जाणकार सांगतात, ऑल्ट दाबून चौकट वर ओढा. टॅबलेटवर ऑल्ट कुठून आणायचं? कळपाट उघडला तर तोच अर्धा पडदा खातो. म्हणून मला दुसरी वाट जास्त शहाणपणाची वाटते: डेस्कटॉपचं बळ आत घ्या, त्याचं रूप बाहेर ठेवा.

तिसरी कल्पना उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीचे जनक मार्क शटलवर्थ यांची. फोन हातात असताना फोन, मॉनिटर-कीबोर्डला जोडला की पूर्ण संगणक. जुलै २०१३ मध्ये त्यांनी ‘उबुंटू एज’ फोनसाठी लोकांकडे ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. महिन्याभरात सव्वा कोटीहून थोडे जास्त जमले. फोन निघाला नाही आणि ५ एप्रिल २०१७ ला शटलवर्थ यांनी हा सगळा नादच सोडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी सॅमसंगनं डेक्स आणलं, जे जवळपास हेच करतं, फक्त अँड्रॉइडवर. ते टिकलं. मध्यंतरी डेक्सवर खरंखुरं लिनक्स चालवायचा प्रयोगही सॅमसंगनं केला होता, तो २०१९ मध्ये गुंडाळला.

डेस्कटॉपची मागणी करणाऱ्यांना खरं तर त्या बारक्या फुलीचं वेड नसतं. त्यांना हवी असते मोकळीक. संगणकावर फाइल कुठं आहे ते दिसतं, ती कुठल्याही प्रोग्रामात उघडता येते, आणि प्रोग्राम कुठून आणायचा हे कुणाला विचारावं लागत नाही. मराठी डीटीपी करणाऱ्याला विचारा. पेजमेकरची जुनी फाइल आणि तिचा जुना, युनिकोडपूर्व फॉन्ट, दोन्ही पंधरा-वीस वर्षांनीही त्याच्या जुन्या पीसीवर उघडतात. तीच फाइल व्हॉट्सॲपवर आली की फोन हात वर करतो. दुसरी बाजूही सांगतो: आपल्यापैकी कितीतरी जणांनी देवनागरीत पहिलं वाक्य टाइप केलं ते फोनवरच. डेस्कटॉपवर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळपाट कित्येक वर्षं पडून होता, पण तो चालू करायच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

[दृश्य: पिक्सेल फोन. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, लिनक्स टर्मिनलचं बटण सुरू होतं.]

या मोकळिकीचं पुढं काय होणार, ते २०२५ मध्ये एकाच कंपनीकडून दोन तोंडांनी ऐकायला मिळालं. मार्चमध्ये गूगलनं आपल्या पिक्सेल फोनवर टर्मिनल नावाचं, हुकूम टाइप करून चालवायचं ॲप दिलं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ते चालू करायचं, की अँड्रॉइडच्या आत एका बंदिस्त कप्प्यात डेबियन लिनक्स सुरू होतं. ऑगस्टमध्ये त्याच गूगलनं जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर, प्ले स्टोअरच्या बाहेरूनसुद्धा, ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स टाकता येतील. सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. ओरडा झाल्यावर, ओळख न पटवलेली ॲप्स टाकायला जाणकारांसाठी एक वेगळी वाट ठेवू, असं म्हणावं लागलं.

म्हणजे त्या डेबियनच्या कप्प्यात कुणाचाही प्रोग्राम कुणालाही न विचारता टाका. कप्प्याबाहेरच्या फोनवर टाकायचा, तर या नव्या नियमानं एरवी आधी लिहिणाऱ्याची ओळख गूगलकडे पटलेली हवी.