आडवं चला

श्रोतेहो, नमस्कार. माठ पाझरतो, लोणच्याची बरणी पाझरत नाही. दगडाचंही तसंच. आणि हो, माठावर ऑइल पेंटची नक्षी काढू नका. छिद्रं बुजली की पाणी गार होत नाही, किती वर्षं सांगतेय मी!

तर आपल्या सातारा जिल्ह्यातला काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली. पण नुसती भोकं असून भागत नाही, भोकाला भोक जोडलेलं लागतं. पुन्हा सांगते, भोकाला भोक जोडलेलं लागतं. ते काम भेगा आणि झिजलेला भुसभुशीत खडक करतात.

मी सातवीत होते. खटाव तालुक्यात आमच्या अण्णांनी विहीर काढायला घेतली. मुरूम गेला, मांजऱ्या, म्हणजे मुरमाखालचा मऊसर खडक, तोही गेला, मग विटकरी रंगाचा हातभर थर लागला, त्याखाली काळा फत्तर. सात परस, म्हणजे सात पुरुषभर खोल, खोदून झालं, सुरुंगावर सुरुंग उडाले, तळ कोरडा ठणठणीत. आईच्या पाटल्या आधीच गेलेल्या. अण्णा म्हणाले, "अजून दोन परस जाऊ."

विहीर खोदणारे म्हातारे तात्या सकाळी एकटेच दोर धरून उतरले. विटकरी थराच्या वर, मांजऱ्या संपतो तिथं, ओढ्याच्या अंगाला त्यांनी तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. वर आले ते ओला हात अण्णांच्या गालाला लावत म्हणाले, "खाली न्हाई अण्णा, आडवं चला."

तो विटकरी थर चिकण, पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्याच्यावरून आडवं सरकतं. त्याच रेघेत ओढ्याच्या दिशेनं आडवा बोअर मारला. चाळीस फुटांवर आधी तांबडा गाळ आला, मग मनगटाएवढी धार. अण्णा गाळातच बसले. आईनं त्याच पाण्याचा चहा केला, तांबूसच होता, सगळ्यांनी प्यायला.

फ्रान्समधल्या हेन्री डार्सी या इंजिनिअरनं 1856 साली वाळूतून पाणी सोडून नियम मांडला: उतार जास्त तर पाणी जास्त, वाट लांब तर पाणी कमी. तात्यांच्या तळव्याला तो उतार कळला होता.

आमच्या ओढ्याला पाणी आषाढात येतं. विहिरीतली धार जाड होते श्रावण सरता सरता. मधले सगळे दिवस ते पाणी दगडातून चालत असतं.